‘जळका पूल’ नऊ सेकंद आधी का संपतो

तीर्थरूप दाजी,

मेहुण्याचा नमस्कार. एका हातात स्क्रूड्रायव्हर आहे, त्यामुळे दुसऱ्या हाताने जमला तेवढा करतोय, उरलेला भेटीत पुरा करीन. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचं पित्त? आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे, फक्त तुमची सलज (म्हणजे आमची ही) दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, त्याचं कारण ओघात येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही आणि आजचा मजकूर तीन वाक्यांत मावणारा नाही.

रविवारी तुमच्या छकुलीने तुम्हाला ‘नाही झालं’ एवढे दोनच शब्द कळवले, हे मला ठाऊक आहे. ते वाचून ताई दिवसभर जेवली नाही, हेही कळलं. पोरगी वर्षभर माझ्या वर्कशॉपमागच्या खोलीत, जुन्या शिलाई मशीनच्या गर्दीत ड्रम लावून घाम गाळत होती, कशासाठी? तर त्या एका बँडमध्ये जागा मिळावी म्हणून. आणि पहिल्याच चाचणीत नकार. दाजी, ते दोन शब्द अर्धवट आहेत. पुढचं मी सांगतो, खुर्ची ओढा आणि बसा.

आधी आपल्या जुन्या भांडणाची उजळणी करतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरलंय. बावीस वर्षांपूर्वी थ्रॅश मेटल नावाच्या सुसाट संगीताचं व्यसन तुम्हीच मला लावलंत (आमच्या आईने, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, पहिल्यांदा ऐकून स्वयंपाकघरात काय पडलं ते बघायला धाव घेतली होती). तेव्हापासून तुमची लाडकी तबकडी ‘करवत’, कव्हरवर लाकूड कापायची करवत आहे म्हणून, आणि माझी ‘जळका पूल’, कव्हरवर पूल जळतोय म्हणून. तुम्ही तुमच्या घरी करवतीचे ठोके मोजलेत, मिनिटाला दोनशे चार. मी माझ्या घरी पुलाचे मोजले, दोनशे दहा. विषय संपला! वेगात तुम्ही हरलात, ते तुम्ही मर्दासारखं मान्यही केलंत, पण लगेच मोर्चा आवाजाकडे वळवलात. काय तर म्हणे, पुलाचं रेकॉर्डिंगच भिकार, गिटार म्हणजे डबीत कोंडलेले डास, बेस वाजवणाऱ्याला पगार देऊन घरी बसवलेलं. मी म्हणायचो, तुमच्या करवतीतले ड्रम रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून वाजवलेत, एक ठोका मारला की दुसरा येईपर्यंत पहिला घुमतच असतो. (हे मी अजूनही म्हणतो. घुमण्याला भव्यता म्हणत नाहीत, दाजी.) पण या बावीस वर्षांत तुमची करवत मी माझ्या प्लेअरवर कधी लावू दिली नाही आणि माझ्या पुलाला तुम्ही तुमच्या घरात पाऊल टाकू दिलं नाहीत. आपल्या दोघांच्या या ताठ्याची किंमत छकुलीने मोजली.

तर रविवारी दुपारी तिला घेऊन मी गेलो. टायरच्या दुकानावरची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बँड तिघांचा. गिटारवर दातांचे डॉक्टर, बेसवर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, आणि गायक लिफ्ट दुरुस्त करणारा, जो एरवी इतकं हळू बोलतो की दोनदा विचारावं लागतं. चाचणीला गाणं कोणतं, तर पुलावरचं तिसरं! मी मनात म्हटलं, पोरीने मैदान मारलंच. तिने चार मोजले आणि सुटली. दाजी, काय वाजवलं म्हणून सांगू! माझ्या अंगावर काटा आला. पण दुसऱ्या कडव्यापाशी डॉक्टरांचा हात आखडला, गायक श्वासाला मोताद झाला, आणि गाणं मध्येच बंद पडलं. डॉक्टर अगदी सभ्यपणे, दात काढायच्या आधी बोलतात तसं बोलले की हात छान आहे, पण ही पळते, हिला वेग धरता येत नाही. ड्रमरला याहून वाईट काही म्हणता येत नाही. छकुलीने काठ्या पिशवीत घातल्या आणि जिना उतरून तिने तुम्हाला ते दोन शब्द पाठवले.

माझं डोकं सणकलं. पळते? माझी भाची? अहो, ती रोज त्याच तबकडीबरोबर वाजवते, माझ्या डोळ्यांदेखत! मूळ गाणंच तेवढं पळतं, तुम्हाला झेपत नाही तर तसं सांगा! सोमवारी संध्याकाळी मी माझा प्लेअर आणि पूल, दोन्ही उचलून थेट त्या खोलीवर गेलो. (प्लेअर हिच्या नव्या कोऱ्या चादरीत गुंडाळला होता. चादरीला ग्रीस लागलं. अबोल्याचं कारण हे.) छकुली नको नको म्हणत मागे आली. डॉक्टरांकडे त्याच तबकडीची प्रत आहे, तीही काढायला लावली. दोन प्लेअर शेजारी शेजारी, तिसरं गाणं, दोन्ही सुया एकदम खाली. पहिल्या दहा सेकंदांत माझा पूल पुढे सरकला. मिनिटभरात इतका पुढे गेला की दोन वेगळी गाणी वाजताहेत असं वाटावं. आणि माझं गाणं तीन मिनिटांत संपून सुई पुढच्या गाण्याकडे निघाली तेव्हा डॉक्टरांचं अजून वाजतच होतं. नऊ सेकंद, दाजी. कव्हरवर त्या गाण्याची लांबी तीन मिनिटं नऊ सेकंद छापलेली आहे. मी बावीस वर्षं ती छापखान्याची चूक समजत होतो!

गणिताच्या बाईंनी तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून मिनिटाच्या फेऱ्या मोजल्या. डॉक्टरांच्या तेहेतीस आणि वर थोडी. माझ्या पस्तीस, म्हणजे माझाच प्लेअर जोरात पळत होता. मी प्लेअर उलटा केला. आत मोटरवर ती पुली. तुम्हाला आठवत नसेल, प्लेअर घेतला त्याच वर्षी मूळ पुली तुटली होती आणि मी आमच्या शिलाई कारखान्यातल्या बॉबिन भरायच्या यंत्राची पुली लेथवर उतरवून बसवली होती. केसभर जाड राहिली, पण पट्टा मस्त बसला, तबकडी फिरली, मी खूश. पाचशे शिलाई मशीनचा वेग मी महिन्याला मोजतो. स्वतः दुरुस्त केलेला प्लेअर एकदाही मोजला नाही, कारण मी दुरुस्त केल्यावर त्यात मोजायचं काय? लाज वाटली, दाजी. पोरीसमोर जमीन दुभंगावी असं झालं. तिचं वर्ष मी माझ्या हाताने वाया घालवलं, असं मी भर खोलीत सगळ्यांना सांगितलं.

पण गणिताच्या बाई कसल्या ग्रेट! त्यांनी रविवारी फोनवर केलेलं चाचणीचं रेकॉर्डिंग काढलं, ठोके मोजले. मिनिटाला दोनशे दहा, पहिल्यापासून गाणं बंद पडेपर्यंत, एकही इकडे तिकडे नाही. बाई म्हणाल्या, ही पळत नाहीये हो, ही एका बिघडलेल्या यंत्राशी तंतोतंत जुळलीये. छकुलीला पुन्हा बसवलं. आधी खऱ्या वेगाने वाजवून घेतलं, दोनशेवर, तेही तिने निमूट आणि चोख वाजवलं. मग लिफ्टवाला पुटपुटला, दोनदा विचारल्यावर कळलं, की तिच्या वेगाने एकदा होऊन जाऊ दे. आणि झालं! या वेळी तो श्वास राखून गायला, बाईंची बोटं दिसेनात, गादीवरची धूळ उडाली, खालून टायरवाला वर आला आणि दारातच मान हलवत उभा राहिला. दाजी, माझं वय पंचेचाळीस, मी उड्या मारल्या. छकुलीला बँडमध्ये घेतलं! सहा आठवड्यांनी कार्यक्रम आहे, आणि ते गाणं दोनशे दहानेच होणार, असं तिघांनी मिळून ठरवलं.

ताईला सांगा आणि आधी तिला जेवायला लावा.

तुमचा नम्र, आणि आता पुरता उघडा पडलेला,
मेहुणा

ता. क. चाणाक्ष माणूस आहात, हिशेब तुम्ही केला असेलच. पूल दोनशे, करवत दोनशे चार. वेगात तुम्ही जिंकलात. पण काल मी योग्य मापाची पुली बसवून पूल ऐकला आणि दाजी, डास गेले! गिटार जाडजूड, भरदार, आणि तो बेसवाला सगळ्या गाण्यांत कामावर हजर आहे. तुम्ही बावीस वर्षं माझ्या पुलीला शिव्या घालत होतात. तेव्हा आवाजात मी जिंकलो.

ता. क. २ वर ‘तिघांनी ठरवलं’ असं लिहिलंय, ते तिघं म्हणजे छकुली, बाई आणि लिफ्टवाला. डॉक्टर नाहीत. दोनशे दहाने वाजवलं तर दुसऱ्या दिवशी हात थरथरतो आणि दुसऱ्या दिवशी त्या हातात कुणाचा तरी जबडा असतो, असं म्हणून ते हसत बाजूला झाले. खोली वापरा म्हणाले. म्हणजे बँड आहे, ड्रमर आहे, तारीख आहे, गिटार नाही. महिन्याभरात कुणी मिळालं नाही तर कार्यक्रम रद्द.

ता. क. ३ ताईला फोन करून सहज विचारलं (छकुलीचं मी काही बोललो नाही, ते तुम्हीच सांगायचं). तुम्ही ‘विकली’ म्हणून सांगता ती तुमची जुनी गिटार विकलेली नाही, कपाटावरच आहे, आणि तुम्ही ऑफिसात साहेब झाल्यापासून वाजवत नाही म्हणता ते खोटं आहे. ती बाजारात गेली की तुम्ही दार लावून वाजवता, शेजारच्यांनी तिला सांगितलंय. छकुलीने मला शपथ घातलीये की बाबांना विचारायचं नाही, ते नाही म्हणाले तर तिला ते नकारापेक्षा जास्त लागेल. म्हणून मी विचारलेलं नाही. शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीला मी स्टेशनवर उभा आहे. कुणाला घ्यायला, तेही मी कुठे लिहिलेलं नाही.