कोरड्या खोलीत पाणी नेल्याबद्दल

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
सुरक्षा विभाग, प्लास्टिक कारखाना.

विषय: माझ्या पतींवरील 'प्रतिबंधित खोलीत पाणी नेले' हा ठपका काढून त्यांच्या हातावरचे उपचार चालू ठेवणेबाबत.

संदर्भ: आपला चौकशी अहवाल व सोबत आलेला हमीपत्राचा कोरा नमुना.

महोदय,

१. मी आपल्या कारखान्यातील उत्प्रेरक खोलीत बावीस वर्षे काम केलेल्या चालकाची पत्नी. हात भाजल्यापासून त्यांना लिहिता येत नाही म्हणून मी लिहीत आहे. मी शिवणकाम करते. रसायनशास्त्र जेवताना कानावर पडले तेवढेच येते. आपल्याकडे वायू येतो, त्यात उत्प्रेरकाची चिमूट पडते आणि तेवढ्यावर पोतीच्या पोती प्लास्टिक तयार होते. ती चिमूट एकटी काही करत नाही. तिला कामाला लावायला ॲल्युमिनियमचा एक द्रव लागतो. तो हवा लागली की पेटतो आणि पाणी लागले की भडकतो. म्हणून ती खोली कोरडी ठेवतात. त्या द्रवाची सिलिंडरे नळीला जोडणे आणि सोडवणे हे माझ्या पतींचे काम.

२. गेल्या महिन्यात सिलिंडर सोडवताना जोडातून द्रव गळला आणि हातमोज्यासकट त्यांचा उजवा हात पेटला. आपण अहवालात लिहिता, 'पाण्याचा उगम: कर्मचाऱ्याचे शरीर.' म्हणजे त्यांना घाम आला होता. विनापरवानगी पाणी आत नेले म्हणून कसूर त्यांची, आणि कसूर त्यांची म्हणून कारखान्याच्या दवाखान्यातले उपचार महिनाअखेर बंद. अजून दोन शस्त्रक्रिया बाकी आहेत. त्या झाल्या नाहीत तर बोटे मिटलेलीच राहतील, असे डॉक्टर सांगतात. सध्या मी त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणे काढून एका हाताने लागतील अशा चिकटपट्ट्या लावल्या आहेत.

३. घाम आला होता हे मी नाकबूल करत नाही. अंगात जाड चामड्याचा अंगरखा आणि खोलीतला एसी चार महिने बंद. दुरुस्तीसाठी त्यांनी तीन अर्ज दिले. तिसऱ्या वेळी पर्यवेक्षक म्हणाले, "अहो, कामाला येता की हवा खायला?" जोडाचा वायसर झिजला आहे, हेही त्याच तिन्ही अर्जांत लिहिले होते. आपल्या अहवालात घामावर दोन पाने आहेत, वायसरवर एक ओळ नाही.

४. घाम हातमोज्याच्या आत होता, द्रव बाहेर. दोघांची गाठ कुठे पडली? शिवाय हा द्रव नुसत्या हवेनेही पेटतो, असे आपल्याच पुस्तिकेत पान नऊवर छापले आहे. तेव्हा हवेलाही कारणे दाखवा नोटीस दिली असल्यास तिची प्रत मिळावी. बावीस वर्षे त्यांना त्या खोलीत रोज घाम आला. तेव्हा तो पाणी नव्हता. वार्षिक समारंभात आपण त्यालाच मेहनत म्हणाला होतात आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मला याचा संताप येतो. तो अर्जात लिहू नये असे शेजारच्या वकिलीणबाईंनी बजावले होते, तरी लिहिला.

५. 'यापुढे कामावर असताना घाम येऊ देणार नाही' अशा हमीपत्रावर सही दिल्यास फेरविचार होईल, असे आपले कारकून म्हणाले. माझ्या पतींनी तेही मान्य केले. डाव्या हाताने सही गिरवून दोन वह्या भरल्या. नोंदीतल्या सहीशी ती जुळत नाही म्हणून हमीपत्र परत आले.

६. शेवटी मी डॉक्टरांना विचारले. त्या हाताला मांडीची कातडी लावली आहे. तिथे आता घाम येत नाही आणि पुढेही कधी येणार नाही. त्यांनी तसे लेखी दिले आहे. आपली अट त्या हाताने पाळली आहे. निदान तेवढा हात तरी आपण बरा करून द्यावा, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
उत्प्रेरक खोलीतील चालकाची पत्नी
दिनांक: १७

सोबत:
१. एसी व वायसरबाबतचे तीन अर्ज, पोच शिक्क्यासह.
२. पुस्तिकेतील पान नऊ.
३. डॉक्टरांचा दाखला.
४. हमीपत्र, फक्त उजव्या हातापुरते भरलेले.