तुळसीच्या कपाळावरचं कुंकू

नंगनल्लूर, चेन्नई
नवरात्रातला बुधवार

प्रिय विद्या,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "नंतर बोलते, आई" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून लिहायला बसले. इकडे ठीक आहे. गुडघा आता कुरकुर करत नाही. वरच्या श्रीदेवीमामी मुलाकडे गेल्यात, त्यामुळे त्यांच्याकडे यंदा गोलूच्या बाहुल्या मांडलेल्या नाहीत आणि जिन्यात बायकांची वर्दळही नाही.

तुझं पुस्तक वाचून झालं. इंग्रजी माझं शब्दकोश उघडून वाचण्यातलं, पण नेटाने वाचलं. तुरुंगातून सुटलेल्या बायकांवर माझ्या मुलीने एवढं लिहिलं, म्हणून पहिल्या पानावर नुसता हात फिरवत बसले होते. कुठलंही वागणं मुळात गुन्हा नसतं, आजूबाजूचे त्याला गुन्हा म्हणतात, आणि एकदा नाव चिकटलं की माणूस त्या नावाखाली दबतो, हे तू छान लिहिलंयस. पोलिसांपेक्षा शेजारी जास्त धाकात ठेवतात, न बोलावून, नजर चुकवून, हेही. तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली आहे.

पण खरं सांगू? वाचताना मला त्या तुळसीचा हेवा वाटला. सोन्याच्या दुकानात कामाला असताना तिने साखळी लांबवली, दोन वर्षं आत राहिली, आणि तुझ्या पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग तिचा. पहिल्या रात्री तिला झोप कशी लागली, सुटून आल्यावर कोण बोलायचं थांबलं, कोणाच्या दारात ती उभी राहू शकत नव्हती, सगळं तू तिला विचारलंस. तासन्तास तिच्यासमोर बसलीस. अप्पा गेल्यापासून मला "काय खाल्लंस?" असं तू विचारतेस ते गोळी घ्यायची असते म्हणून. तिने चोरी केली म्हणून तुला तिचं ऐकावंसं वाटलं. मी कधी कुणाचा चमचासुद्धा उचलला नाही, ही बहुधा माझी चूक.

काल तुझ्याकडे आले, तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. अप्पांनी गिंडीच्या कारखान्यात वेल्डिंग करून घेतलेल्या गोलूच्या त्या लोखंडी पायऱ्या तुझ्या हॉलमध्ये, वर माझ्या सासूबाईंच्या बाहुल्या. मीच ने म्हटलं होतं, तक्रार नाही. अप्पा पायऱ्या जोडताना दरवर्षी एक बोल्ट हरवायचे आणि माझ्यावर ओरडायचे. तुझ्या जावयाने एकही हरवला नाही. जावई माझा की तुझा, बघ, काय लिहिते आहे मी! तुझ्या नवऱ्याने म्हणायचं होतं. असू दे, खोडत नाही.

बायका यायला लागल्या तशी मी उठून आतल्या खोलीत गेले. कुणी जा म्हटलं नाही. तुझ्या सासूबाई, अलकनंदाताई, तर "बसा की हो" म्हणाल्या, पण मी उठलेच होते. दार अर्धं उघडं होतं. त्यातून तुळसी आलेली दिसली. उंबऱ्यातच अडखळली. तर ताई म्हणाल्या, "अगं ये, सवाष्णीने दारात उभं राहू नये. भोगलंस ते भोगलंस, आता संपलं ना सगळं!" मग तू तिला पाटावर बसवलंस, हळदीकुंकू लावलंस, विडा, नारळ, ब्लाऊजपीस दिलंस, गजरा माळलास. ती रडली, तुझेही डोळे भरले. मग आत येऊन तू माझ्या हातात चण्याच्या सुंडलची वाटी दिलीस आणि "आई, गरम आहे तोवर खा" म्हणून बाहेर गेलीस.

साखळी लांबवायला तिला नवऱ्यानेच सांगितलं होतं आणि पोलीस आले तेव्हा तोच पळाला, हे तूच लिहिलंयस. तो जिवंत आहे, एवढ्यावर तिला कुंकू. माझा माणूस सरळ होता, आजारी पडला आणि गेला, म्हणून मला चणे. तिचं संपलं, असं ताई म्हणाल्या. माझं कधी संपतं, ते कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या पुस्तकात कोर्टाशिवाय होणाऱ्या शिक्षा आहेत, त्यांत ही नाही. मी वाटी तशीच ठेवली. तू नंतर ती उचलून नेलीस, भरलेली, आणि काही विचारलं नाहीस.

कुंकू लावल्याने अप्पा परत येणार नाहीत, हे मला कळतं. रोज संध्याकाळी पाच वाजले की मी गेटकडे बघते, ते तसंच चालू राहील. त्यासाठी मला काही नको आहे. तुळसीचं काही काढून घ्यावं असंही नाही. तिला मिळालं ते बरोबर मिळालं. फक्त माझ्या मुलीच्या हातून तिला मिळावं आणि मला नाही, हे मला सोसत नाही.

शुक्रवारी मी पुन्हा येणार आहे. या वेळी आत जाणार नाही. बाहेर, बायकांच्या ओळीत बसणार आहे. तू ताट घेऊन एकेकीपुढे वाकत येशील, तेव्हा माझ्यापुढे वाकायचं की मला ओलांडून पुढच्या बाईकडे जायचं, ते तुला सगळ्यांदेखत ठरवावं लागेल. तुझ्या सासूबाई बघत असतील. तुला आयत्या वेळी गाठायचं नाही, म्हणून आधी कळवते आहे. येऊ नको म्हणायचं असेल, तर तेही आधीच म्हण. पण मग कारण मला समोर बसून सांग, आणि मी बोलेन तेवढा वेळ ऐक.

तुझीच,
आई