टकळी गप्प का झाली

दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे भाचीने कळवलं आणि जीव भांड्यात पडला. फोनवर बोलावं तर तू मोठ्याने बोल, मोठ्याने बोल करतेस आणि मी आपल्या घरच्या बातम्या शेजाऱ्यांना पुरवते, म्हणून पत्रच बरं. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळ. तू स्वतःला डॉक्टरांची सासू समजतेस, हे मी जाणून आहे.

आमची शाळा सुरू झाली. दारावर माझ्या नावापुढे समुपदेशक असं लिहिलंय, पण पहिली ते चौथीच्या पोरांसाठी मी बटणांच्या बाई. जिन्याखालची खोली, पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं, अजून रबरी चेंडूंचा वास येतो. बुटक्या टेबलावर बटणांचा डबा ठेवते आणि मुलाला रंग वेगळे करायला लावते. समोर बसवून काय झालं बाळा असं विचारलं तर मोठी माणसंसुद्धा खोटं बोलतात. हात गुंतले की तोंड सुटतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दुसरीतल्या एका मुलीचं पोट दर बुधवारी दुखतं म्हणून वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं. तीन बुधवार बटणं निवडली तेव्हा कळलं, की त्या दिवशी आई-वडील दोघांनाही उशीर होतो आणि ती दोन तास घरी एकटी असते. मी मुळीच घाबरत नाही अशी फुशारकी तिने आधीच मारून ठेवलेली, मग सांगणार कशी? आई-वडिलांना बोलावलं. बोल लावला नाही, नुसतं चहा पाजून सांगितलं. वडील रडले. आता बुधवारी ते लवकर सुटतात.

तुला म्हणून सांगते, इतक्या वर्षांत घाबरलेलं मूल मला लांबून ओळखू येतं. त्याच्या दुखण्याला वार असतो. उत्तर देण्याआधी ते मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. आणि कोणी विचारायच्या आत आपणहून सांगतं, की सगळं छान आहे. जे मूल कुरकुर करतं, हट्ट करतं, त्याची मला काळजी वाटत नाही. त्या हिशोबाने आमच्या टकळीची काळजी करायचं कारणच नाही. तोंडाचा पट्टा चालूच असेल ना तिचा? दुसरीतल्या नातीने आजीला दमवायचं नाही तर कोणी?

लोभ आहे तो वाढावा, चष्म्याचा नंबर मात्र वाढू नये.

तुझी,
धाकटी

*

दि. ६ जुलै

चि. धाकटीस,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझं अक्षर बघ म्हणजे डोळ्याची प्रगती कळेल. म्हातारी झाले तरी वळण सुटलं नाही, असं म्हणशील. डाव्या डोळ्याचं ऑक्टोबरात करू म्हणतात.

मागच्या खोलीत मे महिन्यापासून एक मास्तर राहायला आलेत, ते मी कळवलं की नाही आठवत नाही. एकटा जीव, वय पन्नाशीचं, हस्ताक्षराचे वर्ग घेतात. बोलणं मऊ, पाय न वाजवता चालतात. मीच त्यांना खोली दिली, आणि मीच त्यांच्या गळ्यात टकळीला घातलं. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात होती. आता मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेतून आली की तासभर त्यांच्याकडे बसते. तिची आई कामावरून येईपर्यंत मलाही विसावा मिळतो. अक्षर मोत्यासारखं झालंय आणि बडबडही कमी झालीय. एका दगडात दोन पक्षी.

तुझं बटणांचं पत्र फार आवडलं. पुन्हा वाचलं. अशीच सविस्तर लिहीत जा.

टकळीला दोन ओळी लिहायला सांगितल्यात, त्या खाली आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

मावशीआजी, नमस्कार. मी मजेत आहे. इथे सगळं छान आहे.

*

दि. १५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर पाहून खरंच आनंद झाला, पण त्याखालच्या दोन ओळींनी माझी झोप उडवलीय. मला वेड लागलंय असं म्हण हवं तर. धंद्याची खोड, शिंप्याला सगळीकडे उसवलेलं दिसतं. पण जी पोर मला पत्रात शाळेतल्या मांजराला किती पिल्लं झाली ते कळवायची, फाटलेल्या भाकरीसारखी वाकडी चित्रं काढायची, तिने आखल्यासारख्या अक्षरात इथे सगळं छान आहे असं का लिहावं? मी विचारलं नव्हतं गं.

मला खरं खरं कळव. मंगळवारी किंवा शुक्रवारी तिचं काही दुखतं का? कोणी काही विचारलं तर ती आधी त्या मास्तरांच्या तोंडाकडे बघते का? तिथे बसताना दार उघडं असतं का बंद? तिला सरळ विचारू नकोस. शेंगा सोलायला बस आणि तू गप्प राहा. ती बोलली तर चेहरा बदलू देऊ नकोस.

काही नसेल तर मी मूर्ख ठरेन, आणि मला ते चालेल. मूर्ख ठरायची मला सवय आहे, लहानपणी तूच लावलीस.

उत्तर लवकर दे. तुझ्या मायेवरच माझं सगळं चालतं.

तुझी,
धाकटी

*

दि. २४ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

हे पत्र प्रयोगशाळेतून, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तेव्हा डाग पडला तर तो औषधाचा नाही, लोणच्याचा समज. आई म्हणते धाकटीला हल्ली आपली आठवण राहिली नाही. जुलैत तुझं चार ओळींचं पत्र आलं, तब्येत बरी आहे आणि पाऊस आहे एवढंच. त्यानंतर तर नुसती खुशाली. तुझी पत्रं आली की आम्ही सगळे चहाला जमतो, मास्तर वाचून दाखवतात, आणि हल्ली चहा संपायच्या आत पत्र संपतं.

एक गुपित फोडते. आईला डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत लिहिण्या-वाचण्याची बंदी केलीय. तुला आलेली आईची पत्रं मास्तरांनी लिहिलीत, हुबेहूब आईच्या अक्षरात. ती सांगते, ते लिहितात. तुला ओळखू येतं का ते बघायचं, म्हणून आईने कोणालाच बोलू दिलं नव्हतं. फसलीस की नाही?

टकळी फार शहाणी झालीय. जूनमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी पोट धरून बसायची. आईने तुला कळवायला सांगितलंही होतं, तू उपाय लिहिला नाहीस म्हणून ती रुसली होती. पण जुलैच्या मध्यापासून दुखणं एकदम बंद. आधी काही विचारलं की मास्तरांकडे बघत बसायची, तेही गेलं. आता समोर भिंतीकडे बघून पटकन उत्तर देते. बोलते कमी, पण मोठी होतेय, चालायचंच.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दहा ऑक्टोबरला आहे. मला दोन रात्री तिच्याजवळ राहावं लागेल. टकळीला मास्तर सांभाळतो म्हणाले, त्यामुळे तू धावपळ करून येऊ नकोस.

लोभ कमी झालाय अशी आईची तक्रार आहे, तेवढी दूर कर.

तुझी,
भाची

*

दि. २८ सप्टेंबर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेऊ नकोस. फोन केला असता, पण तू असतेस तेव्हा तो माणूस भिंतीपलीकडे असतो, आणि तू ऐकून गप्प राहिली नसतीस.

जुलैचं माझं पत्र चार ओळींचं नव्हतं. दोन पानं होती, आणि ती सगळी टकळीबद्दल होती. तिचं पोट कुठल्या वारी दुखतं ते मी त्यात विचारलं होतं. तोंडाकडे बघते का तेही विचारलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, फक्त त्याच्यापर्यंत पोचलं. मला तर आईच्या अक्षरात उत्तर आलं होतं, की काही दुखत नाही, दार उघडंच असतं, आणि मी निर्धास्त झाले. आणि तेव्हापासून तिचं पोट दुखायचं थांबलं, बघणं थांबलं. कुठलं दुखणं असं पत्र वाचून बरं होतं का? तिला लपवायला शिकवलंय गं. काय लपवायचं ते त्याला मी शिकवलं.

तो नेमकं काय करतो ते मला ठाऊक नाही, आणि मी ते टकळीला विचारणार नाही. घरच्या माणसाने घाईने विचारलं की मूल आपल्याला आवडेल ते सांगतं, आणि पुढे खरं खोटं वेगळं करता येत नाही. आमच्या कामातला हा पहिला नियम आहे, आपल्या रक्ताच्या पोरासाठी तो पाळताना आतडं तुटतंय.

म्हणून मी सांगते तसंच कर. आजपासून काहीही कारण काढ आणि शिकवणी बंद ठेव, तिला क्षणभरही त्याच्याकडे एकटी सोडू नकोस. कपाळावर आठी दिसू देऊ नकोस. मंगळवारी अर्धा दिवस रजा घे, तिला शाळेतूनच घे आणि घरी न जाता तिथल्या समुपदेशक बाईंकडे जा. मी त्यांच्याशी बोललेय. हे पत्र त्यांना दाखव. त्या तिच्याशी बोलतील, आणि मुलांच्या संरक्षणाच्या कार्यालयाला त्याच कळवतील. दहा तारखेचं ऑपरेशन पुढे ढकल. डोळा थांबेल.

आईला आत्ता काही सांगू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि तो माणूस तिचा लाडका आहे.

माझ्यावर राग धरायचा असेल तर नंतर धर. तोवर माझं ऐक.

तुझी,
मावशी

*

दि. १४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. एका डोळ्याने लिहितेय, ओळी वर खाली गेल्यात, चालवून घे. डॉक्टरांची बंदी गेली खड्ड्यात.

लेकीने तुला फोनवर थोडं सांगितलंय, म्हणाली. बाकीचं मी सांगते, कारण दोष माझा आहे आणि तो मलाच लिहायला हवा.

त्या मंगळवारी लेक टकळीला घेऊन शाळेतल्या बाईंकडे गेली. घरी मी आणि तो. चार वाजले, पाच वाजले. पोर अजून आली कशी नाही असं त्याने मला विचारलं. लेकीने सकाळी मला एवढंच सांगितलं होतं, की टकळीच्या शाळेत बटणांच्या बाईंसारख्या कोणी बाई आहेत, त्यांनी बोलावलंय. वर बजावलं होतं की कोणाला सांगू नकोस. मला वाटलं, हा काय परका आहे? मी सांगून टाकलं. तो बरं म्हणाला. मला औषधाचे थेंब घातले. मग खोलीत गेला. कार्यालयाची माणसं सात वाजता आली तेव्हा खोली झाडून स्वच्छ केलेली होती आणि गादीची घडी घातलेली होती. पाय न वाजवता चालतो म्हणून मी त्याचं कौतुक केलं होतं तुझ्याकडे.

टकळी पहिल्या दिवशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंकडे बोलली. ओळ वाकडी गेली की तो तिच्या बोटांमध्ये पेन्सिल घालून दाबायचा. रडली की भिंतीतल्या कपाटात उभी करून दार लावायचा, रडणं पूर्ण थांबेपर्यंत. मी इकडे आरामखुर्चीत बसून म्हणायचे, पोर किती शांत बसते त्यांच्याकडे. मधे एकच भिंत होती धाकटे.

तिने सांगितलं का नाही, ते ऐक. त्याने तिला सांगितलं होतं, की तू एक शब्द जरी बाहेर काढलास तर आजीचा दुसरा डोळाही जाईल, मग आजीला तू कधीच दिसणार नाहीस. माझे डोळे परत यावेत म्हणून ते सात वर्षांचं पोर चार महिने तोंड मिटून बसलं. घरी आली ती आधी माझ्यासमोर उभी राहिली आणि मला किती बोटं दिसतात ते विचारलं. मी बरोबर सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. दिवसातून दहादा येऊन विचारते. आज सकाळी उठवून विचारलं. बाकी अजून बोलत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात घाई करू नका, आठवड्यातून दोनदा तिला घेऊन या, आणि एकदा मला स्वतःलाही यायला सांगितलंय. मी जाणार आहे. मी तिथे काय बोलणार, मला माहीत नाही.

लेक माझ्याशी नीट बोलते, ताट वाढते, औषध देते. रागावली असती तर बरं झालं असतं.

आणखी एक आहे. त्याचा शोध चालू आहे म्हणतात, पण त्याने आम्हाला सांगितलेलं नावगाव खोटं निघालं. काल कार्यालयातल्या बाईंनी तुझी पत्रं मागितली. तुझी सगळी पत्रं, आत्ताची आणि गेल्या दहा वर्षांची, माझ्या उशाशी पत्र्याच्या डब्यात असायची. त्यात तू त्या जिन्यावर बसणाऱ्या मुलाबद्दल लिहिलं होतंस, न जेवणाऱ्या जुळ्यांबद्दल लिहिलं होतंस, कोणाचं भय कसं ओळखलंस ते सगळं लिहिलं होतंस. डबा जागेवर होता, झाकण नीट लावलेलं होतं, आत एकही पत्र नाही. बाईंचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं. तो तुझी दहा वर्षं पिशवीत घालून घेऊन गेलाय, आणि आज कुठल्या तरी घरी माझ्यासारखीच कोणीतरी म्हातारी त्याला मागची खोली उघडून दाखवत असेल.

लोभ ठेव म्हणायचं माझं तोंड नाही. तू ये.

तुझी,
ताई