ठोका चालू असेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा तसबिरींना चौकटी करण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर आहे का, हे त्यांनी विचारले नाही. कायद्याला त्याची गरज नसावी. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे काही माझ्या एकुलत्या लेकीला दिले होते. ती माझ्या आधी गेली.

कलम १. घर.
दुकानावरचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या जावयाला देते. तो विजेची कामे करतो. लेक गेल्यावरही तो दर रविवारी येत राहिला आणि काही बिघडलेले नसताना दिव्यांची बटणे उघडून बघत राहिला. त्याने पुन्हा लग्न केले आहे; त्यासाठी मीच त्याच्या मागे लागले होते. हल्ली तो येतो, पण नजर चुकवतो. त्याची बायको गरोदर असल्याचे मला औषधाच्या दुकानात कळले. जावईबापू, यात लपवण्यासारखे काय आहे? तिला घेऊन राहायला या. आतल्या खोलीत उजेड चांगला येतो, पाळणा तिथे ठेवा. माझ्या लेकीचा फोटो भिंतीवर लावण्याची सक्ती नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या गेलेल्या माणसांना चौकटी घातल्या. तिचा फोटो अजून कपाटात तसाच आहे. हात धजावला नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक.
ती सगळी, हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाई चालवत असलेल्या खटल्याला द्यावी. नातेवाइकांच्या हे डोळ्यांवर येईल, म्हणून कारण लिहून ठेवते.

माझी लेक जलतरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. बरीच वाट पाहून तिला दिवस राहिले. पोटातल्याला ती ‘पाहुणा’ म्हणायची. पाचवा महिना लागला आणि एका दुपारी कामावरच तिचे पाणी गेले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितले की मूल वाचणार नाही, आणि पिशवी लवकर मोकळी केली नाही तर आईच्या रक्तात विष पसरेल. जावयाने विचारले, मग थांबलाय कशासाठी?

त्या म्हणाल्या, “बाळाचा ठोका चालू आहे. तो थांबेपर्यंत मला हात लावता येत नाही. लावला, तर मी तुरुंगात जाईन.”

मी विचारले, “आणि हिचा ठोका?”

त्यांनी तिचा ताप पुन्हा मोजला.

गर्भपातबंदीच्या कायद्यात ‘आईच्या जिवावर बेतले असेल तर’ अशी सूट आहे. किती बेतले म्हणजे बेतले, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. इस्पितळाच्या वकिलांना फोन गेले. ताप चढत होता, पण त्यांच्या मते तो अजून पुरेसा नव्हता. जावयाने सरहद्दीपलीकडच्या इस्पितळात विचारले, तिथे कायदा वेगळा आहे. ते घ्यायला तयार होते. तोवर ती हलवण्यासारखी राहिली नव्हती. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले होते. ती म्हणाली, “आई, मला त्याला सोडायचं नव्हतं गं. पण मला घरी पण यायचं होतं.”

ठोका थांबला, तशी सगळ्यांची धावपळ सुरू झाली. आता धावणे कायद्यात बसत होते. ती शुद्धीवर आली नाही.

वकीलबाई त्या सुटीचे शब्द स्पष्ट करून घेण्यासाठी भांडत आहेत. त्या हरल्या तरी पैसे परत मागू नयेत.

कलम ३. डॉक्टरीणबाई.
त्यांच्यावर माझ्या वारसांनी दावा लावू नये. राग आहे, तो मी माझ्याबरोबर नेते. पुढे त्यांनी नोकरी सोडली. एकदा दुकानासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी आत बोलावले नाही, आणि त्याही आल्या नाहीत.

कलम ४. हत्यारे.
करवती, कोन कापायचा साचा आणि काच कापायचा हिरा माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला. ती तान्ही असताना तिला कोणीतरी दवाखान्याच्या पायरीवर सोडून गेले होते. दादाने तिला घरी आणून पोटच्या पोरीसारखे वाढवले. पोरी, काच कापताना श्वास रोखून धरतेस तो धरू नकोस, त्यानेच हात थरथरतो.

कलम ५. थोरला भाऊ.
हा कायदा व्हावा म्हणून दादाने वर्षानुवर्षे चौकाचौकांत भाषणे केली. त्यात लबाडी नव्हती. तो ते मनापासून मानतो. भाचीला कडेवर घेऊन तो म्हणायचा, हिच्या आईने वेगळे ठरवले असते तर ही नसती. खरे आहे. तिच्यावाचून आमचे घर मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. आणि माझी लेक नाही, हेही खरे आहे. तिला तलावात हात धरून पोहायला शिकवले ते याच मामाने.

तिला स्मशानात पोहोचवून परतताना दादा म्हणाला, “मला जीव वाचवायचे होते.”

मी म्हटले, “मग दादा, माझी लेक पण वाचवायची होतीस.”

त्यानंतर आमचे बोलणे नाही. आई-वडिलांमागे त्यानेच मला सांभाळले, तरीही नाही.

दादाला मी काहीही ठेवलेले नाही. त्याने हा सूड समजू नये. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. आणि मला साक्षीदार तोच हवा होता. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, सही होताना पाहिली तरी पुरते. दादाने वाचावा. त्याच्याकडे माझे एवढेच मागणे आहे.

याखेरीज माझे म्हणावे असे काही मागे उरत नाही.

ठिकाण: राहते घर, दुकानाच्या वर
दिनांक: ९ मार्च
सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: शेजारचे किल्लीवाले (सही)

साक्षीदार २: थोरला भाऊ (सही)
सगळं वाचलं. खाली दुकानात बसलोय. बोलावलंस तर वर येईन.