खंडेनवमीला बंद केलेला इन्क्युबेटर

२९ सप्टेंबर, सोमवार
सकाळी कुरेशीभाई आले. कत्तलखान्यातून शेळ्यांचे अंडाशय थर्मासमध्ये, मीठपाण्यात, ऊब अजून तशीच. "मॅडम, तुम्हारे वास्ते सबसे पहले निकाला." प्रत्येक शोधनिबंधात याचे आभार मानते, वाचूनही दाखवते. लाजतो बिचारा.
माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी संगीता (पुढे नुसतं सं., हात दुखतो) हिनं पेशी वेगळ्या करून बशांत लावल्या, बशा इन्क्युबेटरच्या उबेत ठेवल्या. निम्म्यांत वृद्धी घटक, म्हणजे पेशी वाढवणारं प्रथिन; निम्म्या साध्या. प्रश्न तोच जुना: उस्मानाबादी शेळीला सारखी जुळी होतात, तर तिच्या अंडाशयात एकाऐवजी दोन बीजं तगवतं कोण?
कुपीच्या तळाशी घटक आणखी एका वेळेपुरता उरलाय. डिसेंबरअखेर मी निवृत्त. त्याआधी याचं उत्तर लागलं तर सं.चा प्रबंध माझ्या सहीनं जाईल. नाही तर नवा गाइड, नवा विषय, आणि तिच्या घरचे लग्नासाठी तोवर थांबायचे नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
लॅबमध्ये यंत्रांची पूजा. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, फ्रीजवर स्वस्तिक, इन्क्युबेटरला हळद-कुंकू. बजावलं: दार उघडायचं नाही, उदबत्ती व्हरांड्यात. सं.नं सगळं मनापासून केलं. पेढे झकास. उद्या दसऱ्याची सुट्टी. उस्मानपुऱ्यात घरी येऊन पाय वर करून पडले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
इन्क्यु. बंद. भिंतीवरचं बटणच बंद! शेळीच्या अंगाइतकी ऊब हवी, तर आत सगळं गार. बशांतला केशरी-लाल द्राव जांभळट झालेला, म्हणजे बिघडलेला.
मी उगाच वॉचमनवर खेकसले. सं. पांढरीफटक.
"मॅडम, म्याच बंद केलं. पूजेपुरतं. आमच्यात नवमीला हत्याराला आराम देतेत. बाबा मेंढराच्या कातरीला बी हात लावीत नायत. नंतर चालू करायचं व्हतं, पेढ्याच्या नादात राहिलंच..."
वैजापूरकडची धनगराची लेक, एम.एस्सी.ला पहिली. राग असा आला की चष्मा काढून पुसत बसले. जिवंत पेशींना विश्रांती! मग हसू फुटलं. ती मात्र रडतच होती.
"फेकू का?"
फेकायच्या आधी बघ तरी, म्हटलं.

तोच दिवस, संध्याकाळ
निळा रंग घालून पाहिल्या. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. साध्या बशांत निळंच निळं. घटकाच्या बशांत बऱ्याच बिनरंगी, चकचकीत.
परत पाहिलं. चष्मा बदलून पाहिलं.
"मॅडम, ह्या तर जित्या हायेत!"
म्हणजे हा घटक पेशी नुसत्या वाढवत नाही, अडचणीत तगवतोही? जेवणावर लक्ष नव्हतं. वरणात दोनदा मीठ पडलं.

४ ऑक्टोबर, शनिवार
मोडता मीच घातला. घटकाच्या सगळ्या बशा खालच्या कप्प्यात होत्या, पाण्याच्या ट्रेजवळ. तिथं ऊब जास्त वेळ टिकली असेल तर? सं.चं तोंड एवढंसं झालं.
"मग आता वो?"
आता परत. उरलेल्या थेंबांवर. बशांवर खुणा मी घालणार, वरखाली मिसळून, कोणती कुठली ते तिला सांगणार नाही. मोजायचं तिनं. आणि दोन दिवसांनी बटण मुद्दाम बंद.

६ ऑक्टोबर, सोमवार
कुरेशीभाईंना कालच फोन केला होता. ऐनवेळी सांगूनही आले. बशा लागल्या. कुपी रिकामी.

८ ऑक्टोबर, बुधवार
बटणापाशी सं.चा हात पुढे होईना. "तुम्ही करा ना मॅडम." नाही म्हटलं, तुझा प्रयोग. डोळे मिटून दाबलं तिनं.
मग म्हणाली, "आई रोज इचारती, मॅडमनी अजून हाकललं कसं नाय तुला?"
हाकलतेय कशाला! निवृत्तीच्या तोंडावर या पोरीनं मला कोरा करकरीत प्रश्न हातात दिला. रोज सकाळी लॅबला पळत जावंसं वाटतंय, पहिल्या नोकरीतल्यासारखं. फार मिळालं मला. तिलाही मिळू दे, एवढंच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
लॅबमध्येच लिहितेय, हाताला काही काम हवं म्हणून. सं.नं पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीय. ती वरच्या, लवकर गार होणाऱ्या कप्प्यातली, घटकाची; हिच्यात पेशी जगल्या असतील तर करामत उबेची नाही, घटकाचीच. हे मला माहीत, तिला नाही. म्हणून तोंडावर काही दिसू नये याची धडपड चाललीय माझी.
बघतेय. परत बघतेय. ओठ हलतायत, मोजतेय.
मान वर केली तिनं. "मॅडम..."