अण्णांचा बुडखा

अण्णा, अंगणातला कडुलिंबाचा बुडखा मी काढला. तुम्ही असता तर काढू दिला नसता, हे मला माहीत आहे. वादळात झाड घराकडे कललं तेव्हा तुम्हीच ते कापायला लावलंत, पण गुडघाभर बुडखा ठेवला. "ऱ्हाऊ द्या, मला बसायला होईल." मग तुमची दाढी तिथं, चहा तिथं, आल्यागेल्याशी गप्पाही तिथंच. तुम्ही गेल्यावर आम्ही त्याला हात लावला नाही. आईला वाईट वाटेल, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं.

यंदा आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. ओट्यावरून उतरलं की समोर बुडखा, एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला न्हाणीची भिंत. माणूस वळसा घालून जातो, वॉकर जात नाही. रोज दारातून गल्ली पाहणारी बाई ओट्यावरच बसून राहिली. मी बदनापूरहून सुट्टी टाकून आले ती हट्टाला पेटूनच. बोळीत जेसीबी शिरत नाही. म्हटलं, नसू दे, मी आहे.

भोवती खणून पहिली मुळी उघडी केली आणि सणसणीत घाव घातला. खडा लागून कुऱ्हाडीची धारच गेली. मी शाळेत असताना बांधावरच्या बाभळीशी अशीच झटत होते, तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "मातीत कुऱ्हाड मारून राह्यली! आधी मुळी धू, मंग हान." मुकाट्याने धार लावून आणली. आता मुळी बादलीभर पाण्याने धुते, घाव घालते, पुन्हा धुते. तळहात सोलले, पण सोडायचं नाही म्हणजे नाही. शेवटची जाड मुळी तुटली, पहार घातली आणि बुडखा कलंडला, तेव्हा मी अंगणात एकटीच ओरडले.

खड्डा बुजवून, पाणी मारून माती चोपली आणि भीत भीत आईकडे पाहिलं. "लई जल्दी काढलास बाई!" ती म्हणाली. "इतके वरसं घागर घेऊन ह्याला वळसे घालून राह्यले मी. कोणी इच्यारलंच न्हाई." आणि वॉकर टेकत, कुणाचाही हात न धरता, ती सरळ दारात जाऊन उभी राहिली. मला रडू आवरेना.

हे पाठवायचं कुठं, ते मला माहीत नाही. तुमच्याशी भांडायचं म्हणून लिहायला बसले होते. पण खरं सांगते अण्णा, आई सरळ जाते. मीच अजून वळसा घालून जाते.