राउटरची लाल लाइट

५ मे, सोमवार. कडाव.
भाताच्या रोपासाठी राब भाजला. शेण, पाला, वर माती, सगळं एकट्याने. वारा नेमका हिरामणच्या घराकडे, सगळा धूर तिकडे. दोन तास खोकत होता. चुलतभाऊ असून माझ्या जागेत बांध सरकवतो काय! खोक म्हणावं.

सहाला नेट गेलं. राउटरवर लाल लाइट. हा योगायोग नाही. वायर बांधावरून येते, हिरामणच्या नाकासमोरून. (कंपनीवाले गेल्या वर्षी माझ्या जागेत खांब पुरणार होते. हाकलले.)

६ मे
राउटर सतरा वेळा बंद-चालू केला. मग उलटा ठेवला. मग कपाटावर. संध्या म्हणते, कंपनीला फोन करा. नवऱ्यावर विश्वास नाही, कंपनीवर आहे. मी अठ्ठ्याण्णव साली खोपोलीत कॉम्प्युटरचा कोर्स केलाय.

शुक्रवारी अकराला तेजश्रीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. वर्षभर अर्ज करतेय पोरगी, बोलावणं हे पहिलंच. मोबाइलला घरात एक काडी, तीही येते-जाते. संकल्प: उद्या दुपारपर्यंत नेट चालू.

७ मे
संकल्प उद्यावर ढकलला. हिरामण आपलं नेट फुकट वापरत असणार, म्हणून पासवर्ड बदलला. नेट बंद असताना बदलला, म्हणजे त्याला पत्ताही लागणार नाही. डोकं लागतं.

संध्याने परस्पर फोन लावला. तिकडची बाई म्हणे, वायर कुठे तुटलीय का बघा. फोन हिसकावून सुनावलं, बांधावर परवा दिवसभर मीच उभा होतो, मला काय शिकवता? तिने फोन ठेवला. उद्धट.

८ मे
लाइनमन निलेश आला. म्हटलं, कात्रीच्या खुणा शोध, मला पोलिसात द्यायच्यात. तो बांधावरून एक काळा, वितळलेला तुकडा घेऊन आला.

"काका, हितं राब तुमीच भाजला ना?"

कौतुकाने विचारतोय असं वाटलं. हो म्हटलं.

नवी वायर शनिवारी. संध्याने तो तुकडा राउटरशेजारी ठेवला. वाईट लक्षण. तरी माझं म्हणणं कायम: हिरामणने बांध सरकवला नसता, तर वायर राबाच्या जवळ आलीच नसती.

९ मे
तेजश्री मला न विचारता लॅपटॉप घेऊन हिरामणकडे गेली. त्याचं नेट रस्त्याच्या बाजूने येतं. पोरगी फितवली! बरोबर अकराला बांधावर उभा राहिलो आणि त्याला ऐकवलं. जमीन, बांध, त्याचा बाप, काही सोडलं नाही. अर्धा तास. बाहेर आला नाही. भित्रा.

बाराला तेजश्री आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, तुमचा आवाज आत येत होता. त्यांनी विचारलं, मागे कोण ओरडतंय?"

काय सांगितलंस, म्हटलं.

"शेजारचे आहेत म्हटलं."

इंटरव्ह्यू कसा झाला ते विचारायचं राहून गेलं.

राउटर पुन्हा बंद-चालू करून पाहिला. लाल.